नवरा २४ दिवस एकटा डोंगरात निघालाय : अडवू की जाऊ देऊ?

प्रश्न : माझा नवरा ४१ वर्षांचा, मी ३८. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली, ते आमच्याकडेच असतात. नवरा कॉलेजपासून डोंगर फिरतो, पण कायम चार-पाच मित्रांबरोबर. येत्या जानेवारीत त्याला नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्यापासून महाबळेश्वरपर्यंत घाटमाथ्यावरून २४ दिवस एकट्यानं चालायचं आहे. रोज फोन करणार नाही, मग एकटं असण्याला अर्थ काय, असं म्हणतो. नेमका मार्ग विचारला तर ‘तुला सांगून काय कळणार?’ म्हणतो. वर्षभर घरात घुसमट होते असंही मध्येच बोलून गेला. मित्र त्याला शूर म्हणतात, माझा भाऊ स्वार्थी म्हणतो. मी नाही म्हटलं तर जन्मभर ‘तुझ्यामुळे राहिलं’ ऐकायचं, हो म्हटलं तर २४ रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही. हे शौर्य की स्वार्थ? आणि मी काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, एकट्यानं चालण्याची त्यांची इच्छा आम्हाला खटकली नाही. ‘तुला सांगून काय कळणार’ हे मात्र फार खटकलं. सध्याचा बेत आहे तसाच राहिला, तर तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर आहे. डोंगरातला धोका त्यांनी स्वतःसाठी निवडला आहे. त्या धोक्याची झळ तुम्हाला, मुलीला आणि सासऱ्यांनाही बसणार, पण त्याची माहिती फक्त त्यांच्याकडे आहे. इथे स्वार्थ आहे तो इतकाच, आणि तो दुरुस्त करता येतो.

आधी बेताबद्दल. साल्हेर ते महाबळेश्वर सरळ रेषेतच तीनशे किलोमीटरच्या वर भरतं. डोंगरातली वाट त्याच्या दीडपट तरी होते, म्हणजे रोज २० किलोमीटर आणि विश्रांतीचा एकही दिवस नाही. पाठीवर १२-१४ किलो घेऊन घाटमाथ्यावर रोज १४-१५ किलोमीटर चालणं हीच पुरेशी मेहनत आहे, कारण मध्ये खिंडीत उतरणं आणि पुन्हा चढणं असतं. अशा घट्ट वेळापत्रकात माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागे पडतो आणि मग दुपारी उशिरा, थकलेल्या गुडघ्यांनी, न पाहिलेल्या नाळेत (कड्यातल्या अरुंद, उभ्या घळीत) उतरायला लागतो. एकट्याचे अपघात बहुतेक अशा उतरणीवरच होतात. मुरमाच्या घसाऱ्यावर सुकलेलं गवत पडलेलं असतं, त्यावरून पाय सरकतो आणि घोटा मुरगळतो किंवा मोडतो. चौघांत हे घडलं तर दोघं थांबतात आणि एक गावात धावतो. एकट्याला मात्र तिथेच बसून राहावं लागतं. जानेवारीत घाटमाथ्यावर रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जाऊ शकतो.

म्हणून पहिली मागणी मार्ग अर्धा करण्याची. नाणेघाटातून निघावं. जीवधनच्या पायथ्यानं ढाकोबा, दुर्ग, आहुपे, भीमाशंकर, मग राजमाची, लोणावळा, पुढे कोरीगड, तैलबैला, ताम्हिणी, तोरणा-राजगड, रायरेश्वर आणि महाबळेश्वर. हे साधारण अडीचशे किलोमीटर होतं. चालण्याचे १८ दिवस आणि विश्रांतीचे तीन धरले तर २१ दिवसांत आरामात बसतं. जवळपास रोज एखादं गाव किंवा वाडी लागते, जेवण मिळतं, म्हणून शिधा तीन दिवसांचाच न्यावा. जिथे दोर लागतो किंवा कातळटप्पा चढायचा आहे ती प्रत्येक जागा एकट्याच्या मार्गातून काढून टाकायची. जीवधनच्या तुटलेल्या पायऱ्या, एखादी अवघड नाळ, अलंग-मदन-कुलंग हे सगळं त्यांनी मित्रांबरोबर शंभरदा केलं असेल, तरी यावेळी नाही. यावर घासाघीस करू देऊ नका. मार्ग भीमाशंकर अभयारण्यातून जातो, तेव्हा रानात मुक्काम करण्याआधी वनखात्याच्या चौकीवर विचारावं लागेल. त्यांच्या डोक्यात महाबळेश्वरच्या पुढे वासोटा-कोयनेकडे जायचं असेल, तर तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही, एकट्यानं रानात राहणं तर नाहीच.

पाण्याचा प्रश्न जानेवारीत अजून हाताबाहेर गेलेला नसतो. किल्ल्यांवरची टाकी बहुधा भरलेली असतात. तरी दोन पाण्यांमधलं अंतर कागदावर हवं आणि पाठीवर चार लिटर हवेत. फेब्रुवारी उजाडला की टाकी आटायला लागतात आणि वणवे सुरू होतात. ‘जानेवारीत सुट्टी मिळाली नाही, मार्चमध्ये जातो’ असं ते म्हणाले तर तो बेत वेगळा समजावा आणि नव्याने बोलावं.

आता फोनबद्दल. एकांत हवा आणि घरी कळायलाही हवं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे बोट हाकत होते. त्या शर्यतीत दिशा शोधायला जीपीएस वापरायची मुभा नव्हती, पण प्रत्येक बोट कुठे आहे हे आयोजकांना किनाऱ्यावर दिसत होतं. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि त्यांना हलता येईना. पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर असलेल्या माणसाला ओसिरिस या फ्रेंच जहाजानं २४ सप्टेंबरला उचललं, कारण कुठे शोधायचं ते माहीत होतं. त्यांचा एकांत त्यामुळे कमी झाला असं कुणी म्हणणार नाही. उलट उदाहरण अमेरिकेतल्या एरन राल्स्टनचं. एप्रिल २००३ मध्ये तो कुठे जातोय हे कुणालाही न सांगता युटामधल्या एका अरुंद दरीत शिरला, हात दगडाखाली अडकला, आणि सहाव्या दिवशी स्वतःचा हात कापून त्याला बाहेर पडावं लागलं. इतके दिवस त्याला शोधायला त्या दरीत कुणी आलं नाही, कारण तो तिथे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

तुमच्या घरासाठी आम्ही एकतर्फी मेसेजची पद्धत सुचवतो. ते पाठवतील, तुम्ही उत्तर द्यायचं नाही. रोज संध्याकाळी सातपर्यंत तीन गोष्टी : आज मुक्काम कुठे, उद्या कुठे, तब्येत कशी. संवाद नाही, घरच्या बातम्या नाहीत. घाटमाथ्यावरच्या बऱ्याच वाड्यांत रेंज नसते, पण वरच्या सोंडेवर किंवा खिंडीत मिळते, म्हणून मेसेज मुक्कामी पोहोचायच्या आधी, रेंज दिसेल तिथून पाठवायचा. फोन एरवी फ्लाइट मोडवर. १०,००० एमएएचची पॉवर बँक फोन साधारण दोनदा भरते, तेवढी पुरते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम न्यावीत.

मेसेज आला नाही तर काय, हे आधी ठरवा. तुमच्या २४ रात्रींच्या झोपेचा प्रश्न इथेच सुटेल किंवा बिघडेल. नियम असा : संध्याकाळचा मेसेज चुकला तर रात्री काहीही करायचं नाही, कारण बहुतेक वेळा ती फक्त रेंजची गडबड असते, आणि एरवीही काळोखात कड्यावर कुणी शोधायला जात नाही, जाऊही नये. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वाट पाहायची. अकराला एका ठरलेल्या माणसानं कालच्या आणि आजच्या मुक्कामाच्या गावात फोन लावायचे. दुपारी दोनपर्यंत कुणीच त्यांना पाहिलं नसेल तर ११२ आणि महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव समन्वय केंद्राला कळवायचं. सहा वाजेपर्यंत थांबायचं नाही, कारण जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दोनला कळवलं तर स्थानिक मुलं आणि बचाव पथक यांना उजेडाचे चार तास मिळतात, सहाला कळवलं तर एक रात्र वाया जाते.

हा ठरलेला माणूस तुम्ही नसावं. हे आम्ही आग्रहानं सांगतो. तुमच्याकडे मुलगी आहे, सासरे आहेत, नोकरी असेल तर तीही. त्यांना शूर म्हणणाऱ्या मित्रांपैकी जो डोंगर ओळखतो, त्यानं हे २१ दिवस फोन चालू ठेवून पुण्यात राहावं. मेसेज दोघांनाही येईल, धावपळ त्यानं करायची. एकही मित्र यासाठी पुढे आला नाही, तर त्यांच्या कौतुकाला किती वजन द्यायचं ते तुमच्या पतींनाच ठरवू द्या.

त्या मित्राकडे आणि तुमच्याकडे एकेक कागद हवा. प्रत्येक दिवसाची ओळ : कुठून निघणार, कुठे पोहोचणार, पाणी कुठे, मध्येच सोडायचं झालं तर सर्वांत जवळ कुठल्या गावात उतरायचं आणि तिथून एसटी कुठून मिळते. मुक्कामाच्या प्रत्येक गावातल्या एका माणसाचा नंबर. हे नंबर घरबसल्या मिळत नाहीत. त्यासाठी त्यांना दिवाळीनंतर एक-दोन शनिवार-रविवार त्या गावांत जाऊन यावं लागेल, आणि जावंच. कागदाच्या मागे रक्तगट, चालू औषधं, सॅक आणि तंबूचा रंग, आणि बुटाच्या तळव्याचा फोटो. हा फोटो लोकांना विचित्र वाटतो, पण मातीतला ठसा कुणाचा हे शोध घेणाऱ्यांना त्यावरूनच कळतं. ढोरवाटांच्या जाळ्यात माणूस कुठल्या फाट्याला वळला हे ठरवायला दुसरा पुरावा अनेकदा नसतोच.

कुणीतरी उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिनचं यंत्र परदेशातून मागवायला सुचवेल. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असं यंत्र किंवा उपग्रह फोन भारतात बाळगणं बेकायदा आहे. त्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी शिट्टी (मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा), हेडटॉर्च आणि जादा सेल, चंदेरी फॉइलचं पांघरूण आणि क्रेप बँडेज या चार वस्तू सॅकमध्ये न ठेवता अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये हव्यात. घसरल्यावर सॅक बहुधा हाताबाहेर, दहा-वीस फूट खाली गेलेली असते. आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर नाही, अत्तर नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळायचं. फुरसं (विषारी साप) चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधायचा, हालचाल कमीत कमी ठेवायची आणि १०८ ला फोन. एकट्यासाठी याचा अर्थ असा, की रेंज नसलेल्या दिवशी उंच गवतात आणि दगडांच्या खाचांत हात-पाय घालायचेच नाहीत.

आता ज्या विषयावर घरात बोलणं सर्वांत अवघड जातं, तो. ते परत आले नाहीत तर? मृत्यूचा विचार लोक कसाबसा करतात, पण बेपत्ता होण्याचा करतच नाहीत. शरीर सापडलं नाही तर कायद्यानं माणूस मृत धरायला सात वर्षं जावी लागतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११ आहे. तोवर विम्याची रक्कम अडकते, त्यांच्या एकट्याच्या नावावरचं खातं अडकतं, घराचा हप्ता मात्र दर महिन्याला येत राहतो. पुढच्या गोष्टी मार्गाच्या कागदाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि त्या त्यांनी करायच्या आहेत, तुम्ही मागे लागून नव्हे.

टर्म विमा आहे का, आणि अर्जात गिर्यारोहणाचा उल्लेख केला होता का, हे पाहा. धोकादायक छंद लपवलेला असेल तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी दावा नाकारू शकते. उल्लेख राहिला असेल तर आत्ताच लेखी कळवा, हप्ता वाढला तर वाढू दे. नवीन पॉलिसी घेत असाल तर विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली तुमच्या आणि मुलीच्या नावे घ्या, म्हणजे ती रक्कम कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाही. अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, ते बारीक अक्षरांत वाचा. बहुधा असतात. किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते अशा संयुक्त खात्यात हवेत, जिथून तुम्ही एकट्या सहीनं पैसे काढू शकता. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि त्यात ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. बँक, डिमॅट, पीएफ सगळीकडे वारस-नोंद तपासा. लग्नाआधीची, आईच्या नावाची नोंद तशीच राहिलेली असणं फार सर्रास आहे. हे सगळं महिन्याभरात होतं. जो माणूस २१ दिवसांचा डोंगर आखू शकतो त्याला हे जमतं, आणि करायची टाळाटाळ झाली तर तीही तुमच्यासाठी माहिती आहे.

शौर्याबद्दल आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो. १९९५ च्या मे महिन्यात ब्रिटिश गिर्यारोहक ॲलिसन हारग्रीव्ह्ज कृत्रिम प्राणवायू आणि शेर्पांची मदत न घेता एव्हरेस्टवर पोहोचली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला के-टूवरून उतरताना वादळात ती गेली. मागे सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. आई असून अशी कशी गेली, म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांत तिच्यावर सडकून टीका झाली. डोंगरात गेलेल्या बापांना हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. तुम्ही २४ दिवस एकट्या, फोन बंद करून निघाला असता तर तुम्हाला कुणी शूर म्हटलं असतं का? हा प्रश्न नवऱ्याला शांतपणे विचारून बघा. वडील म्हणून त्यांना हे कौतुक फार स्वस्तात मिळतंय, कारण मागचं घर तुम्ही चालवणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे.

ते गृहीत मोडा. ते घरात जे जे करतात त्याची यादी त्यांनीच करावी आणि प्रत्येक कामापुढे तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव लिहावं. सासऱ्यांना रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार? त्यांचा भाऊ, बहीण, शेजारी, कुणीतरी रात्री-अपरात्री येईन असं स्वतःच्या तोंडानं कबूल करायला हवं. सासऱ्यांची हृदयाची तपासणी डिसेंबरमध्येच उरकून घ्या. आणि २१ दिवसांच्या बदल्यात तुमचे दिवस कुठले, ते कॅलेंडरवर आत्ताच लिहा. डोंगरच हवा असं नाही. माहेर असो, मैत्रीण असो, नुसतं घरात एकटं राहणं असो. त्या दिवसांत मुलगी आणि सासरे पूर्णपणे त्यांच्याकडे.

एक काळजी मात्र वेगळी बोलून दाखवतो. ‘घुसमट होते’ हे वाक्य मध्येच आलं, त्यामुळे ते हलक्यात घेऊ नका. डोंगराच्या ओढीनं जाणारा माणूस महिनोन् महिने नकाशे काढतो, बुटांवर वाद घालतो, परत आल्यावर काय करायचं तेही बोलतो. ज्याला फक्त सगळ्यापासून लांब जायचं आहे तो तपशिलात रस घेत नाही, परतीच्या तारखेबद्दल बोलत नाही, झोप आणि भूक बिघडलेली असते, माणसं तोडत असतो. तुमच्या घरात यातलं दुसरं चित्र दिसत असेल तर थेट विचारा : ‘जगण्याचा कंटाळा आलाय का? मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं किंवा टाळलं गेलं, तर त्या अवस्थेत एकट्यानं रानात जाणं नाही म्हणजे नाही. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डोंगर पुढच्या वर्षीही आहे.

हे तसं नसेल तर थेट २१ दिवसांवर उडी नको. आयुष्यभर गटात चाललेल्या माणसाला एकट्याची पहिली रात्र कशी जाते ते ठाऊक नसतं. वाट चुकली की गटात कुणीतरी ‘मागे फिरू’ म्हणतं, एकट्याला ते स्वतःला म्हणावं लागतं. नोव्हेंबरात एक रात्र, ओळखीच्या किल्ल्यावर. डिसेंबरात तीन दिवस, नाणेघाट ते आहुपे. प्रत्येक वेळी मेसेजची पद्धत पूर्ण पाळून, एकदा तर मुद्दाम मेसेज चुकवून, मित्र खरंच अकराला फोन लावतो का ते पाहून. या दोन फेऱ्यांत तुम्ही किलोमीटर मोजू नका. परत आल्यावर काय चुकलं ते ते स्वतःहून सांगतात का, अर्ध्यातून वळले असतील तर ते लपवतात का, एवढं पाहा. सांगणारा आणि वळणारा माणूस २१ दिवसांसाठी पाठवण्याजोगा असतो. सगळं ‘एकदम मस्त झालं’ म्हणणाऱ्याला आणखी एक हिवाळा थांबवा.

मुलीला काय सांगायचं? ‘बाबा लवकर येतील’ असं मोघम नको. नकाशा भिंतीवर लावा, परतीची तारीख लिहा, त्यापुढे दोन दिवस ‘कदाचित’ म्हणून रंगवा. रोज रात्री फोन येईल असं वचन कुणीही देऊ नये, रेंज नसलेल्या पहिल्याच रात्री ते मोडेल. साधारण आठव्या दिवशी ते लोणावळ्यात असतील. तिथे तिला घेऊन अर्धा दिवस भेटायचं की नाही, हे तुम्ही आणि ती ठरवा. त्यांच्या एकांताची तेवढी तडजोड मागण्याचा तिला अधिकार आहे. आणि एखाद्या संध्याकाळी मेसेज आला नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंत तिला काहीही सांगू नका. ती शाळेत जाऊ दे.